जुना संगणक व हलकी लिनक्स प्रणाली

गेल्या पंधरावीस वर्षांत आमच्या खेड्यांतून संगणकाचा प्रवेश चांगलाच झाला आहे. मुलांच्या शिक्षणासाठीं घेतलेला, विविध कार्यकारी सोसायटीच्या हिशेबासाठीं आणलेला, अथवा शहरांतील आप्तानें स्वतः नवा घेतांना गांवीं पाठवून दिलेला असा एखादा संगणक पुष्कळ शेतकऱ्यांचे घरीं आढळतो. परंतु त्यांतील बरेच आज फडक्याखालीं झांकून ठेवलेले असतात. चालू होण्यास दहा मिनिटें लागतात, सातबाराचें पान उघडतां उघडतां यंत्र अडून बसतें, आणि दुकानदार सांगतो कीं, "हें आतां जुनें झालें, नवें घ्या." मग बियाण्यासाठीं किंवा ठिबकाच्या दुरुस्तीसाठीं राखून ठेवलेल्या पैशाला हात घालण्याचा प्रसंग येतो.

दुकानदाराचें म्हणणें कांहीं यंत्रांपुरतें खरें आहे, सर्वांपुरतें नाहीं. कोणतें यंत्र ठेवावें, कोणतें काढून टाकावें, आणि ठेवावयाच्या यंत्राकडून काम कसें घ्यावें याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. यंत्र मंद कां होतें?

बैल म्हातारा झाला म्हणजे त्याच्या अंगांतील शक्तीच कमी होते. संगणकाचें तसें नाहीं. २०१० सालचें यंत्र त्या वर्षीं जी बेरीज जितक्या वेळांत करीत असे, तीच आजही साधारणतः तितक्याच वेळांत करतें. वाढलेला असतो तो त्याजवरील भार. संचालन प्रणाली म्हणजे विंडोजसारखी, यंत्राचा सर्व कारभार पाहणारी व्यवस्था. ती दर आवृत्तीस अधिक जागा मागते. शिवाय संकेतस्थळांचीं पानेंही पूर्वीपेक्षां पुष्कळच जड झालीं आहेत.

महसूल कचेरींत काम केलेल्या कोणासही पुढील उपमा पटेल. कारकुनाचें मेज म्हणजे संगणकाची रॅम, आणि दप्तरखाना म्हणजे त्याची हार्ड डिस्क. मेज मोठें असेल तर पांचसात रुमाल एकदम उघडून काम करितां येतें. मेज लहान व कामें फार, असें झालें म्हणजे एक रुमाल बांधून दप्तरखान्यांत परत पाठवावा आणि दुसरा मागवावा लागतो. शिपायाच्या खेपांतच दिवस जातो, लिहिणें बाजूस राहतें. संगणक अडकला असें आपण म्हणतों तेव्हां बहुधा हेंच चाललेलें असतें. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे फिरते आणि तिची सुई इकडून तिकडे हलावी लागते. म्हणून या खेपा फारच सावकाश होतात.

यावरून उपाय तीनच निघतात: मेज मोठें करणें, दप्तरखाना जवळ आणणें, आणि मेजावरील ओझें कमी करणें. पहिले दोन उपाय यंत्राचे भाग बदलून होतात. तिसरा हलक्या प्रणालीनें होतो, व त्यास पैसा लागत नाहीं.

२. जुनी प्रणाली तशीच कां वापरूं नये?

"आमचें विंडोज ७ अजून चालतें, बदलावयाचें कशास?" असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर असें कीं, प्रणालींत वेळोवेळीं कच्चे दुवे सांपडतात, आणि ते बुजविण्याचें काम तिची कंपनी करीत असते. विंडोज ७ साठीं हें काम १४ जानेवारी २०२० रोजीं बंद झालें, व विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज १० वाल्यांस नांव नोंदवून वाढीव मुदत घेण्याची सवलत ठेविली होती. परंतु ती तहकुबी होय, माफी नव्हे. विंडोज ११ घ्यावें तर त्यास किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा व टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-चीप लागते, आणि २०१७-१८ पूर्वीचीं बहुतेक यंत्रें या कसोटीस उतरत नाहींत.

कुंपणाला भगदाड पडलें तरी शेत त्या दिवशीं तसेंच दिसतें. जनावर शिरल्यावर मात्र भगदाड कळतें. ज्या यंत्रावर बँकेचें खातें उघडावयाचें, पीककर्जाचे कागद ठेवावयाचे, त्यावर पाठिंबा संपलेली प्रणाली चालवून इंटरनेटला जोडणें हें उघडें भगदाड ठेवण्यासारखें आहे. सबब हलकी प्रणाली घ्यावयाची ती केवळ वेगासाठीं नव्हे. जिची डागडुजी अद्याप चालू आहे अशी प्रणाली जुन्या यंत्रास मिळावी, हा तींतील मुख्य लाभ होय.

३. लिनक्स म्हणजे काय?

अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' नांवाच्या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. पुढें १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यानें प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तयार करून लोकांस खुला केला. या दोन्ही कामांच्या जुळणींतून आजच्या लिनक्स प्रणाली झाल्या आहेत. त्यांचें मूळ लिखाण उघडें असतें. तें कोणीही वाचावें, सुधारावें व दुसऱ्यास द्यावें, अशी त्यांच्या परवान्याची अट आहे.

शेतकऱ्यास ही गोष्ट बियाण्याच्या दृष्टान्तानें समजेल. घरचें बियाणें आपण राखून ठेवतों, निवडून सुधारतों आणि शेजाऱ्यास पायलीभर देतों. त्याबद्दल कोणास विचारावें लागत नाहीं. लिनक्सचें तसेंच आहे. म्हणून एखाद्या मंडळीनें जुन्या यंत्रांकडे पाठ फिरविली, तरी तेंच लिखाण घेऊन दुसरे लोक जुन्या यंत्राजोगी हलकी आवृत्ति काढूं शकतात. हा प्रकार नवखा किंवा हौशी लोकांपुरता आहे असेंही कोणी समजूं नये. केरळांतील सरकारी शाळांचें संगणक-शिक्षण पुष्कळ वर्षें मुक्त प्रणालीवर चालत आलें आहे, आणि 'काइट' ही त्या राज्याची संस्था शाळांसाठीं स्वतःची लिनक्स आवृत्ति तयार करते. आपल्याकडे सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेनेंही 'बॉस' नांवाची भारतीय आवृत्ति काढली आहे.

४. यंत्राची पारख

बैल घेण्यापूर्वीं दांत पाहतात, त्याप्रमाणें प्रणाली निवडण्यापूर्वीं यंत्राच्या तीन गोष्टी पाहाव्या: रॅम किती, प्रोसेसर ३२ बिट कीं ६४ बिट, आणि डिस्क धडधाकट आहे किंवा नाहीं.

येथें एक चूक फार होते. विंडोजनें '३२ बिट' असें दाखविलें म्हणजे यंत्रच ३२ बिट आहे असें लोक धरून चालतात. परंतु पूर्वीं ६४ बिट यंत्रांवरही ३२ बिट विंडोज घालून देण्याची चाल होती. २००६ सालापासून आलेलीं कोअर २ ड्युओ जातीचीं यंत्रें ६४ बिट आहेत. उलट २००८ च्या सुमारास निघालेल्या लहान नेटबुकांतील ॲटम एन २७० हा प्रोसेसर ३२ बिटच आहे. सबब प्रोसेसरचें नांव पाहून निर्णय करावा.

यंत्रांचे वर्ग आम्हीं येणेंप्रमाणें पाडतों:

(अ) ६४ बिट, रॅम ४ जीबी किंवा अधिक. असें यंत्र टाकूं नये. त्यावर लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ति घालावी. तिचा पडदा विंडोजसारखाच असल्यामुळें हात लवकर बसतो. मिंटच्या २२ व्या मालिकेस २०२९ पर्यंत पाठिंबा आहे. तीस रॅम किमान २ जीबी सांगितली आहे, परंतु सुखानें काम होण्यास ४ जीबी पाहिजे.

(आ) ६४ बिट, रॅम २ जीबी. प्रथम रॅम वाढवितां येते काय तें पाहावें. वाढवितां येत नसेल तर 'लुबुंटू' किंवा त्याहूनही हलकी 'अँटीएक्स' घालावी. लिहिणें व हिशेब ठीक चालेल; ब्राउझरांत मात्र एका वेळीं एकदोनच पानें उघडावीं.

(इ) ३२ बिट यंत्र, रॅम १ ते २ जीबी. यांचे दिवस भरत आले आहेत. ज्या डेबियन प्रणालीवर पुष्कळशा हलक्या आवृत्त्या उभ्या आहेत, तिनें ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट यंत्रांवर नव्यानें बसविण्याची सोय काढून टाकली. फायरफॉक्स ब्राउझरनेंही १४४ व्या आवृत्तीपुढें ३२ बिट लिनक्ससाठीं नव्या आवृत्त्या देणें थांबविलें. अशा यंत्रावर डेबियन १२ वर आधारलेली अँटीएक्स २३ घालून तें इंटरनेटपासून अलग ठेवावें, व टंकलेखन, हिशेबाची वही किंवा मुलांचा हात बसविणें एवढ्यापुरतें वापरावें. बँकेचा व्यवहार त्यावर करूं नये.

(ई) पेंटियम ४ व त्यापूर्वींचीं यंत्रें, काचेच्या जड पडद्यासह. यांस वीज फार लागते व काम थोडें होतें. त्यांची डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचें यंत्र अधिकृत ई-कचरा संकलकास द्यावें. भंगारवाल्यास देऊन उकिरड्यावर जाळूं देऊं नये. त्यांत शिसें व इतर विषारी द्रव्यें असतात, तीं शेवटीं आपल्याच मातींत व विहिरींत उतरतात.

५. थोड्या खर्चाच्या सुधारणा

भाग बदलण्यावर खर्च करावयाचा तो पुढील क्रमानें करावा. पहिला मान एसएसडीचा. हिच्यांत फिरणारा कोणताच भाग नाहीं. त्यामुळें शिपायाच्या खेपा जवळजवळ क्षणांत होतात. जुन्या मांडीवरच्या संगणकांतही साटा जोडणीची २.५ इंची एसएसडी बहुधा तशीच बसते. दुसरा मान रॅमचा. डीडीआर २, डीडीआर ३ व डीडीआर ४ या जाती एकमेकींच्या जागीं बसत नाहींत. म्हणून जुनी पट्टी काढून नमुन्यासाठीं दुकानीं न्यावी.

तिसरी गोष्ट अगदींच स्वस्त आहे, आणि म्हणूनच दुर्लक्षिली जाते. यंत्राच्या मुख्य पाटीवर सीआर २०३२ जातीचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला म्हणजे यंत्र बंद करतांच तारीख वर्षानुवर्षें मागें जाते. तारीख चुकली कीं ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळास अविश्वसनीय ठरवितो. अशीं यंत्रें इंटरनेट चालत नाहीं म्हणून फेंकून दिलीं जातात, वास्तविक दोष कांहीं रुपयांच्या सेलाचा असतो.

चौथी गोष्ट धुळीची. मळणीच्या दिवसांत घरांत आलेला भुसा पंख्यांत साठतो, प्रोसेसर तापतो, आणि तापलेलें यंत्र स्वतःच्या रक्षणासाठीं वेग कमी करतें. वीज काढून मऊ ब्रशानें धूळ झाडावी. मांडीवरच्या संगणकाची बॅटरी फुगली असेल तर ती दाबूं अथवा टोंचूं नये. यंत्र बंद करून ती जाणत्याकडून काढवावी. ती पेट घेऊं शकते.

६. आधीं दप्तर, मग प्रणाली

प्रणाली बदलण्यांत खरा धोका यंत्रास नसून त्यांतील कागदांस आहे. नवी प्रणाली बसवितांना 'डिस्क पुसून बसवा' असा एक पर्याय येतो; तो निवडल्यावर आधींचें सर्व जातें. वांटणीपत्राची प्रत, कर्जफेडीच्या पावत्या, मोजणीचा नकाशा, दिवंगत माणसांचीं छायाचित्रें हीं नव्या यंत्राबरोबर विकत मिळत नाहींत. म्हणून यंत्रास हात लावण्यापूर्वीं सर्व कागदांच्या दोन नकला दोन निराळ्या जागीं कराव्या, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. न उघडलेली नक्कल ही नक्कल समजूं नये.

मराठी मजकुराविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. युनिकोडपूर्वींच्या फाँटांत टाइप केलेले जुने ठराव व याद्या या त्या त्या फाँटाशिवाय निरर्थक इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतात. जुनें विंडोज पुसून टाकण्यापूर्वींच असे कागद युनिकोडमध्यें रूपांतरित करावे, निदान पीडीएफ करून व छापून ठेवावे. ज्या सोसायटीचीं वीसवीस वर्षांचीं इतिवृत्तें अशा फाँटांत आहेत, तिनें हें काम यंत्राच्या निर्णयाची वाट न पाहतां या वर्षींच उरकावें.

७. प्रणाली बसविण्याची रीति

(१) मिंट, लुबुंटू किंवा अँटीएक्स यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच प्रणालीची फाइल उतरवून घ्यावी. तेथें दिलेला पडताळ्याचा आंकडा आपल्या फाइलीच्या आंकड्याशीं जुळवून पाहावा.

(२) ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन 'रुफस' अथवा 'एचर' या साधनानें ती फाइल त्यावर लिहावी. नुसती नक्कल करून चालत नाहीं.

(३) यंत्र चालू होतांच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकीं जें त्या यंत्रास लागूं असेल तें बटण दाबून पेन ड्राइव्हवरून सुरुवात करावी.

(४) आतां प्रणाली न बसवितांच ती चालवून पाहतां येते. हा लिनक्सचा मोठा गुण आहे. वायफाय, आवाज, पडदा व छपाईयंत्र हीं चालतात काय, सातबाराचें पान उघडतें काय, हें सर्व येथेंच तपासावें. पेन ड्राइव्हवरून चालतांना वेग कमी असतो, त्यावरून निराश होऊं नये.

(५) सर्व ठीक असेल तरच बसविण्यास आरंभ करावा. त्या वेळीं विजेचा भरंवसा नसेल तर यूपीएस जोडावा. बसविल्यावर प्रथम सर्व सुधारणा उतरवून घ्याव्या.

मराठी लिहिण्यासाठीं कळफलकाच्या मांडणींत इनस्क्रिप्ट जोडावें. उच्चारावरून टाइप करण्याचीही सोय आहे. लिबर ऑफिस हें मोफत साधन पत्रें, तक्ते व हिशेब करतें, आणि वर्ड व एक्सेलच्या बहुतेक फाइली उघडतें. गुंतागुंतीच्या फाइलींची मांडणी मात्र थोडी हलूं शकते.

८. काय होईल व काय होणार नाहीं

सातबारा व आठ-अ पाहणें, बाजारभाव व हवामान पाहणें, ई-मेल, बँकेचें संकेतस्थळ, अर्ज भरून पीडीएफ छापणें हीं कामें ब्राउझरवर चालत असल्यामुळें लिनक्सवर होतात. ई-पीक पाहणी ही शेतांत उभें राहून मोबाइलवर करावयाची असल्यामुळें तिचा या प्रश्नाशीं संबंध नाहीं.

परंतु टॅली हें हिशेबाचें साधन विंडोजसाठींच बनलेलें आहे. डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचा ठसा घेणारीं कांहीं उपकरणें व कांहीं कंपन्यांचीं छपाईयंत्रें यांचीही लिनक्सवर अडचण येते. ज्या सोसायटीचा कारभार टॅलीवर व डिजिटल सहीवर आहे, तिनें त्या कामासाठीं एक नवें यंत्र ठेवावें आणि बाकीचीं जुनीं यंत्रें लिनक्सवर घालावीं. सर्वच यंत्रें एका दिवशीं बदलून वसुलीच्या ऐन हंगामांत सचिवास अडचणींत टाकणें शहाणपणाचें नव्हे.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. लिनक्सला विषाणूची बाधा कमी, हें खरें आहे. पण फसवणुकीचा फोन व खोटी लिंक यांस प्रणालीची भाषा कळावी लागत नाहीं. स्वतःच्या हातानें ओटीपी सांगणाऱ्याचें रक्षण कोणतीच प्रणाली करूं शकत नाहीं.

९. पुढील निगा

आठवड्यांतून एकदां सुधारणा उतरवाव्या. मिंटमधील 'टाइमशिफ्ट' हें साधन प्रणाली पूर्वस्थितीवर आणतें, परंतु तें मुख्यतः प्रणालीपुरतेंच असतें. आपल्या कागदांची नक्कल निराळी ठेवावीच लागते. ब्राउझरांतील न लागणारीं पानें मिटवावीं. डिस्कमधून टकटक आवाज येऊं लागला, किंवा फाइली उघडतांना चुका दिसूं लागल्या, तर त्याच दिवशीं सर्व कागद काढून घ्यावे आणि डिस्क बदलावी. ज्या प्रणालीचा पाठिंबा ज्या वर्षीं संपतो तें वर्ष यंत्राच्या अंगावर चिठ्ठी लावून लिहून ठेवावें, म्हणजे पुढील आवृत्ति घालण्याचें विस्मरण होणार नाहीं.

खरीप आणि रब्बी यांच्या मधल्या सवडींत एक रविवार या कामास दिला तर पारख व नक्कल होते, दुसरा दिला तर प्रणाली बसते. गांवांतील एखाद्या कॉलेजच्या मुलास बरोबर घ्यावें. त्यास शिकावयास मिळेल आणि आपणांस पुढें विचारावयास माणूस होईल. सोसायटीनें असा एक तयार पेन ड्राइव्ह आपल्या कपाटांत ठेवला तर तो सर्व सभासदांच्या उपयोगीं पडेल. त्याची नक्कल करून देण्यास कोणाचीही मनाई नाहीं. वर्ग (अ) मधील यंत्र याप्रमाणें सुधारलें म्हणजे आणखी कांहीं वर्षें घरचें काम सहज ओढील, व नव्या यंत्रासाठीं काढलेला पैसा शेतांतच राहील.